लाल तरोटा

तरोट्याला गुरं तोंड लावत नाहीत. शेळीसुद्धा हुंगते आणि पुढं चालू लागते. बेहडाटोल्यात हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण प्रणालीच्या मोबाइलमधल्या फॉर्मला ते ठाऊक नव्हतं. ‘पानांचे नुकसान कशामुळे?’ असं विचारून त्यानं चार पर्याय पुढं केले होते: गुरे, कीड, पूर, इतर. ‘इतर’वर बोट ठेवलं की तो प्रयोगशाळेच्या पावतीचा क्रमांक मागायचा, आणि क्रमांक नसला की गुमान पहिल्या पानावर आणून सोडायचा. तिनं तीनदा करून पाहिलं. कडेवरची नऊ महिन्यांची चिमी तिच्या गळ्यातल्या सर्वेक्षणाच्या ‘भूसखी’ ओळखपत्राची दोरी चोखत होती.

समोर खाणीचा ढिगारा होता. चौदा वर्षांपूर्वी खाण बंद पडली, खाणवाले यंत्रं घेऊन गेले, आणि दगड दळून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला राखाडी चुरा तेवढा टेकडीएवढा इथं राहिला. त्याच्या पायथ्याशी सर्वेक्षणाचे सहा वाफे होते. वाफ्यांत तरोटा गुडघाभर उंच, हिरवागार. आणि एकाही झाडाला शेंडा नव्हता.

प्रणाली उकिडवी बसली. किडीनं खाल्लं की पानाची चाळण होते, पुरानं झाड आडवं होतं. इथं वरची कोवळी फूट तेवढी नखात धरून मोडली होती, खालची पानं जशीच्या तशी ठेवून, म्हणजे झाड पुन्हा फुटावं. ही खुडणी होती. अंगठा आणि तर्जनी कशी धरायची हे तिला तिच्या आईनं असंच बांधावर बसून शिकवलं होतं. मोडलेली जागा अजून ओली होती. खुडून फार तर एक दिवस झाला असेल.

या तरोट्याची गोष्ट अशी. दूरच्या प्रयोगशाळेतल्या लोकांना एक झाड हवं होतं, जे टाकलं तिथं उगवेल, गुरं ज्याला खाणार नाहीत, आणि जे मातीतलं युरेनियम डोळ्यांना दाखवेल. कारण युरेनियमला ना वास, ना चव. पाण्यात विरघळलं तरी पाणी नितळच दिसतं. त्यांनी तरोटा, म्हणजे इतरत्र ज्याला टाकळा म्हणतात तो, निवडला. त्यांच्या यादीत तो ‘तण’ या रकान्यात होता. त्याच्या मुळांत त्यांनी एक प्रथिन बसवलं. विरघळलेलं युरेनियम आलं की ते प्रथिन त्याला नेमकं पकडतं आणि झाडाला रंग तयार करायचा निरोप पाठवतं. रंग बीटाचा, तोच जो लाल माठात असतो. तो फक्त नव्या फुटीत उतरतो, पान जून झालं की विरून जातो. युरेनियम जितकं जास्त, तितका शेंडा लाल. पंधरा दिवसांनी ड्रोन यायचा, वरून लाल ठिपके टिपायचा, आणि त्यावरून जमिनीचा व तिच्या पोटातल्या पाण्याचा नकाशा निघायचा.

शहाणपणाचंच काम होतं. फक्त त्या यादीवर डोकं चालवणाऱ्यांपैकी कुणी पावसाळ्यात झाडीपट्टीत जेवलं नव्हतं. इथं तरोटा तण नाही, भाजी आहे.

गेल्या वर्षी वाफ्यांना तारेचं कुंपण होतं आणि नकाशा लालेलाल आला होता, म्हणून तर गावाला पाणी शुद्ध करणारं यंत्र मिळालं. ते अंगणवाडीच्या खोलीत बसवलं होतं आणि सगळा टोला पिण्याचं पाणी तिथून भरायचा. या वर्षी ठेकेदारानं कुंपण उचलून दुसरीकडे नेलं. सलग दोन उड्डाणांत नकाशा हिरवा निघाला. येत्या सोमवारी तिसरं उड्डाण. तेही हिरवं आलं की बेहडाटोला निर्धोक ठरणार, यंत्र पुढच्या गावी जाणार आणि चिमीसकट सगळी पोरं पुन्हा अंगणवाडीच्या बोअरिंगचं पाणी पिणार. आज बुधवार होता.

तिनं तालुक्याला सर्वेक्षणाचं काम पाहणाऱ्या साठवणे सरांना फोन लावला. साठवणे सर माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चिमीला दात आले का विचारलं, आणि म्हणाले की ‘गुरे’ लिहून टाका. गुरं खात नाहीत म्हटल्यावर म्हणाले, मग ‘कीड’ लिहा. उड्डाण पुढं ढकलता येणार नाही, ड्रोन मंगळवारी दुसऱ्या तालुक्यात जातो आहे. पुन्हा फूट यायला बारा दिवस लागतात, हेही तिनं सांगितलं. त्यावर ते म्हणाले,

‘‘प्रणालीताई, नकाशा जे दाखवतो त्याच्यावर मी सही करतो. नकाशात जे नाही त्याच्यावर कशी करू?’’

चिडून काय करणार? ढिगाऱ्यावर दगड भिरकावला तर तोही तिथंच राहणार. ती पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन घराकडे निघाली.

घर वरच्या अंगाला होतं, ढिगाऱ्यापासून लांब. नवरा हेमराज मासेमारी सोसायटीच्या तळ्यावर गेलेला. सासूबाईंनी, पंचफुलाबाईंनी, स्वयंपाक उरकून ठेवला होता. पंचफुलाबाई बावीस वर्षं गावच्या आशा सेविका. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांची पिशवी खुंटीलाच होती आणि वजनकाटा खाटेखाली. भिंतीवरचा तक्ता त्यांनी उतरवला नव्हता. गरोदर बाईचं चित्र, तिच्या हातात भाजीची टोपली, खाली मोठ्या अक्षरांत: ‘लाल-हिरवी पालेभाजी खा, रक्त वाढवा.’ बावीस वर्षं त्यांनी हे दारोदार सांगितलं होतं आणि बायकांनी ते ऐकलं होतं. पंचफुलाबाईंचा शब्द टोल्यात सहसा खाली पडायचा नाही.

प्रणालीनं हात धुतले, चिमीला सासूकडे दिलं आणि ताटावर बसली. पंचफुलाबाई पोरीला मांडीवर घेऊन मऊ भात भरवू लागल्या. भाजीचं पाणी कालवून केलेला गुलाबी भात. चिमी तो मिटक्या मारत खायची. ओठ, हनुवटी, बोटं, सगळी गुलाबी करून घ्यायची. रोजचंच होतं. प्रणालीला वाटायचं, लाल माठ आहे.

घास तिच्या हातातच राहिला.

‘‘आई, हा माठ कुठचा?’’

‘‘माठ कुठचा बाप्पा. तरोटा व्हय तो, ढिगाऱ्याखालचा. आपल्या परसात लाल निघतच नाही, माती निकस आहे आपली. तिकडचा पाह्य कसा लालभडक येते.’’ त्यांनी चिमीच्या हनुवटीवरचं शीत बोटानं पुन्हा तोंडात ढकललं. ‘‘मागच्या सालीबी आनला होता. तू पोटुशी होती, तवा तारेतून हात घालून खुडला तुह्यासाठी. तवाच तर तुह्यं रक्त आठावरून अकरावर गेलं.’’

प्रणालीनं पोरीला ओढूनच घेतलं आणि तिच्या तोंडात बोट घालून भात काढू लागली. चिमीनं टाहो फोडला. पंचफुलाबाईंना वाटलं घशात काही अडकलं. त्याही धावल्या, पाठीवर थापट्या मारू लागल्या. भात निघाला तसा प्रणालीनं पोरीला छातीशी धरलं, आणि रडू थांबल्यावर, तिला झुलवत झुलवत, सगळं सांगितलं.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. की त्या झाडाला रंग येतो तो मातीच्या कसानं नाही, युरेनियमनं. की बरंचसं युरेनियम मुळाशीच अडकतं, पण थोडं पानात चढतं, आणि कोवळी फूट रोज खाल्ली तर ते थोडं थोडं थोडं राहत नाही. लोकांना युरेनियम म्हटलं की किरणं आठवतात. पण पोटात गेलेलं युरेनियम आधी त्रास देतं ते मूत्रपिंडांना, शिशासारख्या इतर जड धातूंसारखंच, आणि लहान पोराची मूत्रपिंडं ती केवढीशी. रक्त वाढलं ते लोहाच्या गोळ्यांनी, ज्या पंचफुलाबाईच बायकांना समोर बसवून गिळायला लावायच्या.

पंचफुलाबाई ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, ‘‘तुले हे केव्हापासून माहीत होतं?’’

‘‘जूनपासून. प्रशिक्षणात सांगितलं.’’

‘‘आन् घरात बोलली नाही.’’

‘‘सही घेतली होती त्यांनी. लाल म्हणजे काय ते गावाला सांगायचं नाही, घबराट होते म्हणून. मी सांगितलं ना आई सगळ्यांना, सर्वेची झाडं आहेत, हात लावू नका.’’

‘‘सर्वेची झाडं,’’ पंचफुलाबाई म्हणाल्या. ‘‘बावीस वर्षं मी लोकायले गोळी दिली तर गोळी कशाची ते सांगून दिली. अडाणी बाईलेबी सांगून दिली. तू शिकलेली आन् मले सांगते, हात लावू नका.’’

यावर प्रणालीकडे उत्तर जूनमध्ये होतं. हातात नोकरी आली होती, सही करताना वाटलं, तरोट्याबद्दल गप्प राहायचं तर त्यात एवढं काय. ती चिमीच्या टाळूवर गाल टेकून बसून राहिली. पोरीच्या अंगाला तेलाचा आणि दुधाचा वास येत होता, कालच्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी ती तपासणीच्या मागे लागली. लघवीत युरेनियम सापडतं, ते मोजता येतं. सरकारी हेल्पलाइनवरचा आवाज गोड होता. त्यानं सांगितलं, अहवालाला एकवीस दिवस लागतील, आणि शून्य ते पाच वयोगटाची सुविधा सध्या उपलब्ध नाही. मोठ्या माणसाचा नमुना देता येईल. प्रणालीनं विचारलं, पोरीचं काय करू? आवाजानं तिला संवादाच्या गुणवत्तेला एक ते पाचपैकी गुण द्यायला सांगितलं.

ती फोन ठेवून वळली तर पंचफुलाबाई दारात उभ्या होत्या. हातात जुनी लांब वही होती, आशा सेविकेच्या नोंदवहीसारखीच आखलेली.

‘‘हे पाह्य. तुह्या कामाचं आहे का नाही, मले कळत नाही.’’

गेल्या दिवाळीनंतर पंचफुलाबाईंनी लाल तरोट्याच्या शेंगा गोळा केल्या होत्या. मृग लागताच ते बी त्यांनी तेवीस घरांच्या परसांत पेरलं, जिथं गरोदर बाई, बाळंतीण किंवा फिकुटलेली पोर होती तिथं. आपलं घर चोविसावं, आणि अंगणवाडीचं परस पंचविसावं. बायकांना ढिगाऱ्यापर्यंत तंगडतोड नको, हा हेतू. दर आठ दिवसांनी सवयीनं फेरी मारायची आणि वहीत लिहायचं, कुणाकडं हिरवा, कुणाकडं लाल झाला, कधी झाला. लाल झाला त्या घरापुढं फूल काढलेलं होतं. त्यांना वाटायचं, एकेका घराची माती सुधारते आहे.

प्रणालीनं जमिनीवर खडूनं टोल्याची घरं काढली आणि सासूला तारखा वाचायला सांगितल्या. आषाढात पहिलं फूल कोडाप्यांकडं, ढिगाऱ्याला अगदी लागून. मग नाल्याकाठचं घर. मग त्याच्या खालचं. श्रावणात वलथऱ्यांकडं, जिथं रोशनीला सातवा महिना होता. प्रत्येक घराच्या परसात मोरीचं, म्हणजे आपापल्या बोअरिंगचं सांडपाणी जात होतं. फुलं एका ओळीत, उताराच्या दिशेनं, एकेक घर ओलांडत खाली उतरत होती. वरच्या अंगाची घरं सगळी हिरवी. पाऊस ढिगाऱ्यात मुरत होता आणि युरेनियम घेऊन जमिनीखालून चालत येत होतं. कुठवर आलं, ते पंचफुलाबाईंच्या वहीत वारासकट लिहिलेलं होतं.

‘‘शेवटचं फूल कुठं आहे, आई?’’

पंचफुलाबाईंनी पान उलटलं. तिथल्या फुलावर बोट टेकवलं. ‘‘अंगणवाडी. आठ दिवस झाले.’’

ज्या ड्रोनला सहा वाफ्यांपलीकडे दिसत नव्हतं, त्याच्यापेक्षा हा नकाशा शंभर पटींनी चांगला होता. प्रणालीनं वहीच्या पानापानाचा फोटो काढून साठवणे सरांना पाठवला. उत्तर दुपारनंतर आलं. त्यांनी खरंच वाचलं असावं, कारण आवाज उतरला होता. म्हणाले, ताई, हे वरती पाठवतो. पण हस्तलिखित नोंद ग्राह्य धरत नाहीत. त्यातून झाडं खाजगी परसातली आणि बी विनापरवाना. उलट सासूबाईंवर शेकायचं. सोमवारी वाफे लाल दिसले तरच माझे हात मोकळे आहेत.

वाफे लाल दिसले तरच. प्रणाली हे वाक्य शनिवारभर घोळवत होती. वाफ्यांतले शेंडे बारा दिवसांशिवाय फुटणार नव्हते. पण परसातली खुडणी आठवडी बाजार आटोपला की एक रविवार आड व्हायची, आणि पाळी उद्याची होती. म्हणजे खालच्या घरांच्या परसांत लाल फूट आज उभी होती.

तिनं हे बोलून दाखवलं तेव्हा पंचफुलाबाई कांदा चिरत होत्या. त्यांनी विळी आडवी केली.

‘‘उपटून लावायचा? तरोट्याचं मूळ सरळ खाली जाते. सुकून जाईल.’’

‘‘एक दिवस तग धरला तरी पुरे.’’

‘‘मग मातीच्या गड्ड्यासकट काढावा लागंल. रोवणीवाल्या बायका पाह्यजे.’’ त्या उठल्या आणि खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवली. ‘‘बायका मी आनते. पन त्यायले मी सांगीन. सगळं सांगीन. तुह्या सहीचं तू पाह्य.’’

रविवारी सकाळी अंगणवाडीच्या ओट्यावर बायका जमल्या. पंचफुलाबाई उभ्या राहिल्या त्या बावीस वर्षं राहायच्या तशाच, पिशवी पोटाशी धरून. त्यांनी तरोट्याची एक लाल डहाळी वर केली आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, ‘‘हे मी तुमाले खाऊ घातलं. हे इख आहे. मी चुकली.’’

कोडाप्यांची म्हातारी हसली आणि म्हणाली, काल खा म्हणत होती, आज थुंक म्हणते, उद्या काय सांगशील बाई. दोघीचौघी हसल्याही. पंचफुलाबाईंनी ते हसणं पोटात घातलं. पुढं प्रणाली झाली आणि लाल रंगाचं सांगितलं, वहीतल्या ओळीचं सांगितलं, स्वतःच्या सहीचंसुद्धा. हसणं थांबलं. एकीनं विचारलं, तू तर येथलीच सून ना? ते झोंबलं, झोंबायलाच हवं होतं.

रोशनी वलथरे शेवटी बोलली. ती बसूनच होती, दोन्ही हात पोटावर. ‘‘माह्या लेकराचं काय?’’

पंचफुलाबाईंनी प्रणालीकडे पाहिलं. प्रणाली म्हणाली, ‘‘माहीत नाही, रोशनी. माझ्याही पोरीचं माहीत नाही.’’

उत्तर फार वाईट होतं. पण कदाचित तेच ऐकून बायका उठल्या.

धानाच्या रोवणीत ज्यांचं अर्धं आयुष्य चिखलात गेलं त्या बायकांना रोप कसं हलवायचं ते शिकवावं लागलं नाही. दुपार कलल्यावर, ऊन मऊ झाल्यावर त्यांनी परसं भिजवली, फावड्यानं मूळ न दुखवता गड्डे काढले, टोपल्यांत ओल्या पोत्यावर मांडले. हातमोज्यांचे दोनच जोड होते. बाकीच्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या मनगटाशी बांधल्या. रोशनीला प्रणालीनं हात लावू दिला नाही. ती अंगणवाडीत चिमीला घेऊन बसली. दिवस मावळायच्या आत सहाही वाफ्यांत खुडलेल्या हिरव्या झाडांच्या मधोमध लाल शेंड्यांच्या ओळी उभ्या राहिल्या, रोवणीसारख्या सरळ. इतक्या सरळ नका लावू, असं प्रणाली म्हणत होती; पण हाताची सवय ती.

सोमवारी सकाळी चारदोन शेंडे माना टाकून होते, बाकी ताठ. दहा वाजता ड्रोन आला, घोंगावला, गेला. फॉर्म उघडला. शेवटचा प्रश्न असा होता: ‘सर्वेक्षण-क्षेत्रात मानवी हस्तक्षेप: आहे / नाही.’ इतके दिवस ती या फॉर्मला खरं सांगायला धडपडत होती आणि त्याला ते घेता येत नव्हतं. तिनं ‘नाही’ दाबलं. फॉर्मनं एका क्षणात ते घेतलं आणि आभार मानले.

साठवणे सरांचा फोन दुपारी आला, ती चिमीला भरवत होती तेव्हा. नकाशा लाल होता, धोक्याचा दर्जा चार. यंत्र हलणार नाही, खालच्या बोअरिंगचे नमुने घ्यायला पथक येईल. मग ते म्हणाले, ताई, ओळी फार सरळ दिसतायत. चौकशी होईल. तोवर तुमचं काम थांबवावं लागतंय. आणि मग, कागदाबाहेरचं बोलावं तसं, ‘‘पोरीला जपा.’’

तिनं फोन ठेवला. पंचफुलाबाई समोर बसून ऐकत होत्या. यंत्र राहिलं, एवढं प्रणाली म्हणाली. त्यांनी मान हलवली. खुंटीमागच्या भिंतीवर तक्त्याच्या जागी आता फिक्या चुन्याचा चौकोन होता.

वाटीत पांढरा भात होता, यंत्राच्या पाण्यात शिजवलेला, मीठ आणि तुपाचा थेंब घातलेला. प्रणालीनं घास पुढं केला. चिमीनं तो जिभेवर घेतला आणि बाहेर ढकलला. दुसरा घेतलाच नाही. प्रणालीनं ‘आ’ करून दाखवलं, चिमणीचा घास, काऊचा घास केला. पोरगी ओठ घट्ट मिटून वाटीत वाकून पाहत होती, खाली काही दडवलंय का ते. मग तिनं मान वळवली आणि रोज जिच्या हातून जेवायची त्या आजीकडे दोन्ही हात पसरले.

पंचफुलाबाईंनी हात पुढं केले नाहीत. पदराखाली धरून ठेवले.